ढकलगाडीतली होडी

अलिबाग
४ फेब्रुवारी २०२६

प्रिय कमळताई,

नमस्कार. तुझ्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा करते. मी दिलेलं तेल चोळतेस की कपाटात ठेवून दिलंस? माझं बरं चाललं आहे. रक्तदाब थोडा वर आहे, पण या वयात तो कोणाचा नसतो.

शेजारचा हितेश रोज तुमच्या उलव्याला कामावर येतो, त्याच्या हाती हे पत्र आणि थोडे सोडे पाठवते आहे. फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर मी ऐन वेळी विषय बदलते. आतापर्यंत किती वेळा बदलला ते मलाच ठाऊक. एक विनंती आहे. एरवी तू प्राप्तीकडून वाचून घेतेस, पण हे पत्र सावकाश का होईना, तूच वाच. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे.

प्राप्तीला, तुझ्या नातीला, दोन दिवस माझ्याकडे पाठवलंत, फार बरं वाटलं. जेवणखाण नीट केलं तिने. बोंबलाचं कालवण दोनदा मागून घेतलं. शर्यतीचं तिने घरी सांगितलंच असेल, पण तिने काय सांगितलं आणि काय गाळलं ते मला कळायला मार्ग नाही. म्हणून मी सगळं लिहिते.

बायपासवरच्या नव्या सुपरमार्केटने मागच्या मैदानात ही शर्यत ठेवली होती. सामान भरायच्या जाळीच्या ढकलगाड्या असतात ना, त्या सजवायच्या. एकाने आत बसायचं, दोघांनी ढकलायचं, आणि सगळ्यांनी सोंगं घ्यायची. जमा होईल ते मांडव्याहून आजारी माणसांना मुंबईला नेणाऱ्या लाँचसाठी द्यायचं. आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थिनींनी माझं आणि रतनचं नाव परस्पर घातलं. रतन म्हणजे माझ्याबरोबर बोर्डिंगात होती ती, तुला आठवत असेल. तू मला भेटायला यायचीस तेव्हा तुझ्या पाटीतले चिंबोरे बघून किंचाळायची.

मी नाहीच म्हणणार होते. पण लाँच आजारी माणसांसाठी आहे असं ऐकलं आणि नाही म्हणवेना.

होडी करायची कल्पना प्राप्तीची. ‘मावशीआजी, आपण आजोबांची होडी करू या’ म्हणाली. मी इतर दहा गोष्टी सुचवल्या. परी हो, मासा हो, म्हटलं. ऐकेना. शेवटी पुठ्ठ्याची होडी केली, निळा रंग दिला, पुढे झेंडूची माळ बांधली. भावोजींची लाल टोपी माझ्याकडेच आहे. मागच्या वर्षी ते गेल्यावर त्यांचं घर आवरायला तुमच्यापैकी कोणी आलं नाही, म्हणून मीच नेलेली. ती मी डोक्यावर घातली. रतनने मासळीवालीसारखी साडी नेसली आणि म्हणाली, सिस्टर सुपीरिअरनी बघितलं असतं तर दोघींना ऑफिसबाहेर उभं केलं असतं. खूप हसलो आम्ही. एक डॉक्टर बायकामुलांसकट नारळाची झाडं झाले होते. एकाने गाडीत फायलींचा ढीग रचला होता आणि स्वतः तहसीलदार होऊन वर झोपला होता.

निम्म्या वाटेपर्यंत आम्ही दुसऱ्या होतो. प्राप्ती होडीत उभी राहून हात हलवत होती. शेवटच्या वळणावर टँकरचं पाणी सांडून चिखल झाला होता. तो मला दिसला होता ताई, पण वाटलं, जाईल निघून. पुढची दोन्ही चाकं रुतली. आम्ही ढकलतो आहोत, गाडी हलत नाही, मागचे सगळे पुढे निघून चाललेत. माइकवर नीराबाईचा सदू होता, थळचा. तो ओरडला, “बगा बगा, गुणाजीची होडी झाली!”

मैदान हसलं. थळमध्ये काहीही अडकलं, रिक्षा रुतली, कपाट दारातून जाईना, की असंच म्हणतात. सदूचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता. त्याला हे कोणाच्या जिवावरचं बोलणं आहे ते माहीत नसेल.

प्राप्ती होडीतून वाकून मला म्हणाली, “मावशीआजी, गुणाजी म्हणजे आपलेच आजोबा ना? पप्पापण असंच म्हणतात. आजोबांना पाणी कळलं नाही म्हणून जागृतीआत्या गेली.”

ती नऊ वर्षांची आहे, ताई. जागृती होती तेवढीच. मी तिथेच चिखलात बसले. लोकांना वाटलं मला चक्कर आली. रतनने पाणी पाजलं, कोणीतरी खुर्ची आणली. आम्ही शेवटच्या आलो. प्राप्ती घरी येईपर्यंत माझा हात धरून होती.

आता जे लिहायचं आहे ते लिहिते.

तो ऑक्टोबरचा दिवस तुला माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल. सकाळी अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटातलं आतड्याचं दुखणं आहे, आजच मुंबईला न्या. रस्त्याने पेण, पनवेल करत जायला खड्ड्यांतून सहा तास, होडीने दोन. होडी खाडीत गाळावर टेकलेली होती, भरतीशिवाय ती हलणार नव्हती. कारखान्यात लागल्यापासून भावोजी समुद्रावर फारसे जात नव्हते, होडी भागीदारच चालवायचे आणि ते त्या दिवशी गावाला गेले होते. तू आत पोरीच्या उशाशी होतीस. एक वाजता भावोजी ओटीवर आले आणि त्यांनी मला विचारलं, शकू, आज तिथी कोणती?

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे तुम्हा सगळ्यांना पाळण्यातच कळतं. मला ते कधी जमलं नाही. मला फक्त कॅलेंडर वाचता येत होतं. मी भिंतीकडे बघितलं, तारीख शोधली आणि पंचमी म्हणून सांगितलं. भावोजींनी मनात हिशेब केला, म्हणजे पावणेचारला पाणी पूर्ण भरेल. अजून वेळ आहे म्हणाले, आणि डिझेल आणि दोन माणसं आणायला गेले.

त्या दिवशी तृतीया होती. भरती सव्वादोनला होती.

आदल्याच दिवशी मी शाळेच्या नाताळच्या सुटीचे वार बघायला कॅलेंडरची दोन पानं पुढे उलटली होती आणि परत मागे केली नव्हती. मी डिसेंबरमधली तिथी सांगितली. सबंध गावात ही चूक दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती. ज्या मुलीला शाळेत शिकायला मिळावं म्हणून तू चौथीत दप्तर ठेवून डोक्यावर मासळीची पाटी घेतलीस, तिच्याच हातून झाली.

चारला जागृतीला होडीत निजवलं तेव्हा पाणी पावणेदोन तास उतरत होतं. काठावरचा ओला पट्टा भावोजींना दिसला असेलही, पण तेव्हा ते पोरीच्या तोंडाकडे बघत होते. खाडीच्या तोंडाशी होडी गाळात बसली. तासभर माणसं छातीएवढ्या गाळात उतरून ढकलत होती. मग तिला उचलून टेंपोत घातलं. पेणच्या अलीकडे काय झालं ते मी लिहीत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी ओटीवर गेले तर भावोजी कॅलेंडरसमोर उभे होते. त्यांनी एक पान मागे केलं, मग दुसरं. माझी चाहूल लागली तरी वळले नाहीत. तसेच भिंतीकडे बघत म्हणाले, “शकू, कुनाला बोलू नको. पानी वलखायचा काम माजा व्हता, तुजा न्हाय.”

आणि मी बोलले नाही. आधी वाटलं, तेराव्यानंतर सांगू. मग तू लहानग्या निकेतला घेऊन माहेरी आलीस, त्यांचं तोंड बघायचं नाही म्हणालीस, आणि मी तुझ्या शेजारी बसून तुझी पाठ चोळत राहिले. तुझ्या तोंडून त्यांच्यासाठी निघालेला प्रत्येक शब्द मी ऐकला. तुला गप्प केलं असतं तर खरं सांगावं लागलं असतं. पुढे तर सवयच झाली. मी मास्तरीण, गावात मला मान होता. नाक्यावर त्यांच्यासमोर लोक ‘गुणाजीची होडी’ म्हणून हसायचे आणि तेही हसायचे. मी दर रविवारी त्यांना डबा न्यायची. तेहतीस वर्षांत त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. जाण्याच्या आधी दोन दिवस मी म्हटलं, भावोजी, आता सांगते ताईला. त्यांनी मान हलवली. हो म्हणाले की नको, मला खरंच कळलं नाही. मला सोयीचं होतं तेच मी धरलं.

निकेतने त्यांना अग्नी दिला नाही, पुतण्याने दिला. आता फाल्गुनात वर्षश्राद्ध आहे आणि तेही करणार नाही असं त्याने कळवलं आहे. बापावरचा हा राग त्याचा नाही ताई, तो माझ्या गप्प बसण्यातून आला आहे. आणि आता तो त्या लहान पोरीच्या तोंडात आला आहे. रविवारी मैदानात मी ते माझ्या कानांनी ऐकलं.

मला क्षमा कर असं मी लिहिणार नाही. तुझी पोर गेली, तुझा संसार गेला, आणि तुझा नवरा वाईट नव्हता हे मी तुला तो गेल्यावर सांगते आहे. याला क्षमा कसली मागायची? फक्त एक कर. निकेतला वर्षश्राद्ध करू दे. त्याला हे तू सांगू नकोस, ते ओझं तुझं नाही. मी येत्या रविवारी सकाळच्या एसटीने निघते, अकरापर्यंत उलव्याला पोहोचेन. त्याला समोर बसवून मीच सांगेन, आणि प्राप्तीलाही, तिला कळेल अशा शब्दांत. सदूकडे काल जाऊन हे सांगून आले. तो पाया पडायला वाकला. मी त्याला पडू दिलं नाही.

तुम्ही दार उघडलं नाहीत तर मी जिन्यावर बसेन. बोलावलंत तर आत येईन. नाहीच बोलावलंत तरी संध्याकाळपर्यंत मी तिथेच आहे, एवढं निकेतला सांग.

जागृतीची मावशी,
शकू