स्क्रूंची ताटली

प्रिय भिंगरी,

माझं बरं चाललंय. गुडघे कुरकुरतात, पण कॉलेजात दिवसभर उभं राहून शिकवायचं म्हटल्यावर ते कुरकुरणारच. परवा तुझा फोन आला. लेकीची चौथी संपली, बाबांची ताटली काढली, पोरगी निम्म्यातच उठली, आता तिला शाळेतून काढून तुझ्याजवळ शिलाईला बसवणार, असं तू हसत हसत सांगितलंस. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

बाबा हाडाचे घड्याळजी. समोर ताटलीभर बारीक स्क्रू ओतायचे आणि आकाराप्रमाणे निवडायला लावायचे. जो न उठता निवडून संपवेल त्याच्यात शिकण्याचा गुण, अशी त्यांची पक्की समजूत. मी मख्खासारखी बसून राहिले, मला पुढे शिकवलं. तू उठलीस, तर हिचं बूड टेकत नाही म्हणून तुला काकूच्या शिलाई मशीनवर बसवलं. गंमत बघ, तिथे मात्र तू जन्मभर बसलीस!

अगं, मी काही शहाणी म्हणून बसले नव्हते. बाबांच्या धाकाने माझी उठायची छातीच नव्हती. तू उठलीस ती हातातला स्क्रू उघड्या घड्याळात नेमका कुठे बसतो ते बघायला. घरात तेवढं एकच माणूस काही शिकत होतं, आणि त्यालाच शाळेतून काढलं. मी त्याच धाकावर पदव्या मिळवल्या. आता माझ्या वर्गात मुली मान खाली घालून सगळं उतरवून घेतात, एक प्रश्न विचारत नाहीत, आणि माझा जीव गुदमरतो.

हे फोनवर बोलायला गेले तर तू म्हणालीस, ती माझ्यावर गेलीय, तिला अभ्यास झेपायचा नाही. स्वतःबद्दल हे तू इतक्या सहज म्हणालीस की मी फोनच ठेवून दिला. बाबा गेले, पण त्यांचं मत तुझ्या हाडामांसात भिनलंय. ते माझ्याने निघायचं नाही. खरं सांगू, मला आता तशी आशाही उरलेली नाही.

म्हणून पत्र लिहिलं. जोडाक्षरं तुला अडतात, पत्र आलं की तू ते लेकीच्या हातात देतेस, हे मला ठाऊक आहे. म्हणजे आत्ता हे तीच वाचतेय, तुझ्यासमोर बसून, मोठ्याने. बाळा, पत्र जरा बाजूला ठेव आणि तू का उठली होतीस ते आईला सांग. तुझ्या आईला हे कधी कुणी विचारलंच नाही.

तुम्हा दोघींचीच,
ताई