गॅलरीतलं ऊन

बरखेडा, भोपाळ
१८ नोव्हेंबर १९७४

ती. दादास, वैजूचा सा. न. वि. वि.

तू मास्तर आहेस म्हणून तुलाच विचारते, हसू नकोस. बाळीची हाडं कच्ची आहेत, तिला सकाळचं ऊन द्या असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. उन्हाळ्यात झाली तेव्हापासून तेल लावून मी तिला पुढच्या गॅलरीत निजवते. पण दसऱ्यापासून तिथे ऊनच नाही. आधी कठड्याकडे सरकलं, मग गेलंच. सासूबाई म्हणतात, पोरीचा पायगुणच असा, घरातून सूर्य निघून गेला. महिनाअखेर त्या काटोलला परत जाणार आणि बाळीला नेणार. तिथे अंगणात ऊन आहे म्हणे. मी मात्र इथेच राहायचं, यांच्या डब्यासाठी. ती अजून अंगावर पिते रे. यांना विचारलं तर म्हणाले, आई म्हणते ते खरं, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. मला फार भीती वाटते. इथे कुणाला सांगू?

मायेची भुकेली,
वैजू

आर्वी
२३ नोव्हेंबर १९७४

चि. वैजूस अनेक आशीर्वाद.

हसलो, पण थोडंच. चौथीत तुझी शाळा सुटली, नाहीतर हे पाचवीत मीच शिकवलं असतं. सूर्य कुठे गेलेला नाही. आपली पृथ्वीच कललेली आहे, आणि तशीच कललेली राहून वर्षभरात सूर्याभोवती एक फेरी मारते. बटाट्यात विणायची सुई खुपस. सुईचं वरचं टोक कायम दाराकडे कललेलं ठेव आणि बटाटा कंदिलाभोवती फिरव. एका बाजूला वरचा भाग कंदिलाकडे झुकतो, तो आपला उन्हाळा. समोरच्या बाजूला तोच भाग लांब कलतो, तो हिवाळा. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकून उगवतो, म्हणून तुझ्या उत्तरेच्या गॅलरीत ऊन यायचं. आता तो दक्षिणेकडून, खालून जातो. जवळ-लांबचा संबंध नाही, जानेवारीत तर आपण सूर्याच्या सगळ्यात जवळ असतो. क्वार्टरच्या मागची, दक्षिणेची खिडकी उघड. बाळीला कुठेही पाठवू नकोस.

तुझी काळजी करणारा,
दादा

बरखेडा
२ डिसेंबर १९७४

ती. दादास सा. न.

मागच्या खोलीच्या खिडकीला यांनी मे महिन्यात फळ्या ठोकल्या होत्या, गरम वाऱ्याची लू येते म्हणून. नंतर त्या काढायचं कुणालाच सुचलं नाही. हे कामावर गेल्यावर मीच बत्त्याने काढल्या. बोट चेचलं. पण ऊन एकदम आत, पार पिठाच्या डब्यापर्यंत! सासूबाईंना बटाटा फिरवून दाखवला, तर म्हणाल्या, त्याची भाजी कर, मला शाळा शिकवू नकोस. पण त्या दिवशी बाळीला तेल त्यांनीच लावलं, त्या उन्हात बसून.

सूर्य जवळ आणि तरी थंडी, हे मला चटकन समजलं. हे घरी आले, खिडकी बघितली, जेवले, झोपले. पुन्हा भिंतीकडे तोंड करून.

काल सासूबाई काटोलला गेल्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी पिशवीतून बाळीची झबली काढली आणि माझ्या हातात दिली. मी नमस्कार करायचीसुद्धा विसरले.

आता दिवसभर आम्ही दोघीच. ऊन सरकतं तशी चटई सरकवते आणि बाळीशी बोलत बसते. तिला अजून बोलता कुठे येतं. तू तरी पत्र टाकत जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
वैजू