पावलावरचा खड्डा

चेतनाताई, तुला आणि मायला लखनचा नमस्कार. मी बरा आहे, दोन्ही वेळा जेवतो, हे मायला आधी सांग.

केळीचा टेम्पो सोडला. आता सातपुड्यात वर, एका दवाखान्याच्या गाडीवर आहे. इथं मोहाची झाडं एवढी की... ते राहू दे.

कुपोषित पोरांच्या वॉर्डात अकरा पोरं आहेत आणि एकही रडत नाही. नुसती बघतात. पहिल्या दिवशी मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

त्यातल्या रायसिंगचे पाय मात्र गुबगुबीत. पोरानं अंग धरलं म्हणून त्याची आई खुशीत. रोहिणी सिस्टर मला म्हणाली, "दाब, भाऊ." मी त्याच्या पावलावर अंगठा दाबून उचलला. मळलेल्या कणकेत राहतो तसा खड्डा तिथंच राहिला. पोरगं माझ्याकडं बघत होतं.

"नुसतं पाणी शे ते," सिस्टर म्हणाली. "अंगात काही नाही उरलं की सुजतं."

ताई, जुलाब थांबल्यावर तुझ्या गोट्याचे पाय भरले, असं तू फोनवर म्हणाली होतीस. मीच त्याला पहिलवान म्हणालो.

इथं रेंज नाही, म्हणून हे पत्र म्हसावदच्या जीपवाल्याजवळ देतोय. त्याला तुझ्या दारात थांबायला सांगितलंय. गोट्याची दोन्ही पावलं अंगठ्यानं दाबून धर, तीनपर्यंत मोज, मग सोड. खड्डा राहिला तर त्याच जीपनं त्याला शहाद्याला दवाखान्यात ने.

रायसिंगची सूज उतरतेय. काल त्यानं वाटी फेकून भोकाड पसरलं, तर वॉर्डातल्या सगळ्या बाया हसल्या.

गोट्या रडतो ना गं?

तुझा भटका भाऊ,
लखन