चौथ्या साक्षीदाराचा उलटतपास

१० फेब्रुवारी, सोमवार. नांदेड

आज जे झालं ते आजच लिहिते. उद्यापर्यंत मी त्याला एखादं सौम्य नाव दिलेलं असेल.

मुस्तफाची केस. धर्माबादच्या मिरची बाजारात एका मापाड्याचा खून, मुस्तफा वेल्डर आरोपी, तीन वर्षं तुरुंगात. आमचा बचाव एका ओळीचा: तो त्या दिवशी तिथे नव्हताच, माहूरला एका धर्मशाळेच्या जिन्याला कठडा बसवत होता. आज चौथा साक्षीदार होता. डोळ्यांनी पाहिलं म्हणणारा हा एकच. उलटतपासाला बापू उभे राहिले. कोर्टात सगळे त्यांना विश्वंभरराव म्हणतात. मी बावीस वर्षं त्यांची ज्युनिअर, म्हणून बापू.

पहिली वीस मिनिटं सुरेख. अंतर, उजेड, पोत्यांची थप्पी. साक्षीदार रुमाल शोधत होता. मग बापूंनी चष्मा पुसला आणि अगदी शांतपणे विचारलं, "मयताने आधी सुरा उगारला, म्हणून जीव वाचवायला आरोपीने वार केला, हे खरं ना?"

साक्षीदाराने एकदा सरकारी वकिलांकडे पाहिलं. "होय," म्हणाला.

लगेच टाइप झालं: हे म्हणणे खरे आहे की...

म्हणजे मुस्तफा तिथे होता. आणि ते सांगितलं कोणी, तर आम्ही.

हा प्रश्न कंधारच्या केसमधला. मी नवीन होते तेव्हाचा. त्या एका प्रश्नावर तेव्हा माणूस सुटला होता. पहिल्या चार शब्दांत ओळखला मी. उठले नाही. बापूंचा नियम आहे, उलटतपास चालू असताना ज्युनिअरने खुर्चीसुद्धा हलवायची नाही.

नियम. सभांमधून ओरडून सांगते, जो गप्प बसतो तोही गुन्ह्यात सामील. टाळ्या घेते त्यावर.

११ फेब्रुवारी

मुस्तफाची बायको रेहाना धर्माबादहून पहिल्या गाडीने आली. ऑफिस उघडायच्या आधी पायरीवर बसलेली.

"ताई, मी शाळा शिकले न्हाई. पण तीन वर्सं आपण सांगून राहिलो, माझा माणूस तिथं नव्हता म्हणून. मग काल वकीलसाहेबच कसं म्हनले की त्यानं मारलं?"

म्हटलं, मी बघते.

"काय बघता? ऐकलं की तुमी बी. बाजूलाच तर होता."

सरकारी वकिलांना कळलं, टाइप करणाऱ्याला कळलं, तिला कळलं. आणि मी बघते म्हणाले.

१२ फेब्रुवारी

खरं लिहायचं तर सगळंच लिहायला हवं. दोन वर्षांपासून मला माहीत आहे. तारखा विसरायला लागले तेव्हा मी कार्डं करून दिली. साक्षीदारांची नावं चुकायला लागली तेव्हा शेजारी बसून हळूच सांगायला लागले. बापू न्यायाधीशांना म्हणायचे, "ही माझी डायरी." सगळे हसायचे. मीही. कौतुक वाटायचं मला माझं. सेवा करते आहे असं वाटायचं. गेल्या पावसाळ्यात लातूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. बापूंची मुलगी अनघा आणि मी, दोघींनी ठरवलं, बापू मोठ्या केसेस घेणार नाहीत. मुस्तफाची केस जुनी, हातातली. ही एवढीच, बापू म्हणाले. मी हो म्हटलं.

माझं ते 'हो' मुस्तफाच्या डोक्यावर बसलं आहे.

१३ फेब्रुवारी

कँटीनमध्ये सरकारी वकील स्वतःहून शेजारी येऊन बसले. भला माणूस.

"विजयाताई, मला आनंद झाला नाही, हे सांगायला आलो. विश्वंभररावांपुढे मी अजून विद्यार्थीच आहे."

"मग?"

"मग काय. रेकॉर्डवर आलंय. युक्तिवादात मी ते सोडणार नाही. तुम्ही सोडलं असतं का?"

नसतं सोडलं.

एकच मार्ग दिसतो. साक्षीदार परत बोलवायचा अर्ज, आणि कारण खरं द्यायचं: प्रश्न विचारताना वकिलाची स्मृती ठिकाणावर नव्हती. शपथेवर. डॉक्टरांचे कागद जोडून. कागद अनघाकडे आहेत.

१५ फेब्रुवारी, शनिवार. लातूर

सकाळची एस.टी. अनघा क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. दोन बॅचेसच्या मध्ये पंधरा मिनिटं मिळाली, जिन्यात उभ्यानेच.

"बाबांचं डोकं फिरलंय, असं कोर्टात लिहून देऊ?"

"आजार आहे, असं."

"लोक काय वाचतील ते मला सांगू नका. दोन मार्चला बाबांचा सत्कार आहे. पत्रिका वाटून झाल्या. मुख्य भाषण तुमचं आहे ताई, आठवतं ना?"

म्हटलं, सत्कारामुळे मुस्तफा जन्मठेपेत जाणार का?

तेव्हा ती जे बोलली ते मला कधी कोणी बोललं नव्हतं. "तुमचं भाषण ऐकायला माणसं तालुक्याहून येतात. त्या दिवशी कोर्टात एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या बाबांना तिथेच थांबवलं असतं तर आज त्यांचे रिपोर्ट मागायला जिन्यात उभं राहावं लागलं नसतं."

घंटा झाली. मुलांचा लोंढा दोघींच्या मधून खाली गेला. कागद दिले नाहीत.

परतताना अहमदपूरपर्यंत तिच्यावर चिडले होते. पुढे चिडायला कारण उरलं नाही.

१७ फेब्रुवारी

वकील संघाचे अध्यक्ष. "अर्ज द्या ना, कोण नको म्हणतंय? दोन तारखेनंतर द्या."

म्हटलं, वीस तारखेला मुस्तफाचा जबाब आहे, लगेच युक्तिवाद.

"वेल्डर तीन वर्षं बसलाय, आणखी थोडा बसेल. हा माणूस पन्नास वर्षं उभा आहे ताई."

किती छान बोलले. मला भीती वाटली, कारण असं वाक्य मीसुद्धा केलं असतं.

१८ फेब्रुवारी

बापूंकडे गेले. सकाळी नऊ ते अकरा त्यांचं बरं असतं. कपटच केलं. साक्षीची नक्कल हातात दिली, कोणाची ते सांगितलं नाही. म्हटलं, एका केसमध्ये सल्ला हवा.

तेच बापू. पेन्सिल कानावर, ओठ हलताहेत. "छान चाललंय. अंतर चांगलं घेतलंय... पोती... हं." मग थांबले. पानं मागे उलटून बचाव काय ते विचारलं. सांगितलं, माहूर.

"मग हा कोण गाढव? आपल्याच अशिलाला उचलून जागेवर नेऊन ठेवलं याने. याची सनद काढून घ्या." आणि लगेच, "ज्युनिअर कोण होता बाजूला? झोपला होता?"

"मी होते बापू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे. बोट वर नेत नेत उलटतपास सुरू होतो तिथपर्यंत नेलं. तिथे वकिलाचं नाव असतं.

बाहेर भाजीवाला ओरडून गेला.

"कंधार," म्हणाले.

"हो."

"लिही," म्हणाले. त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं. एक शब्द बदलावा लागला नाही. 'सदर प्रश्न विचारताना मी या प्रकरणात नव्हतो, मनाने दुसऱ्या प्रकरणात होतो. आरोपीने असा प्रश्न विचारण्यास सांगितलेले नाही. दोष माझा आहे.' दुपारच्या आत कोर्टात जाऊन शपथ घेतली, सही केली.

रिक्षात मला म्हणाले, "विजया, तू उठायला हवं होतंस गं." रागाने नाही. रागाने बोलले असते तर बरं झालं असतं.

१९ फेब्रुवारी

अर्ज दाखल.

संध्याकाळी अनघाचा फोन, बापूंच्या घरून; अर्जाचं कळताच लातूरहून आली होती. बापू घरभर विचारत होते, माझ्या नावाने खोटा कागद कोणी केला? सही दाखवली तर म्हणाले, नक्कल आहे. विजयाला माझी जागा हवी आहे.

तिने फोन त्यांच्या हातात दिला. "तुला मी काय कमी केलं?" एवढंच म्हणाले.

२० फेब्रुवारी

मुस्तफाचा जबाब पुढे ढकलला, आधी अर्ज ऐकणार. तेवढा श्वास मिळाला. पिंजऱ्यातून तो माझ्याकडे नाही, बापूंच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहत होता.

२४ फेब्रुवारी

अर्जावर सुनावणी. सरकारी वकील हळू आवाजात बोलले, म्हणून जास्त लागलं. "वकिलाची स्मृती भरवशाची नाही, हे सिद्ध करायला त्याच वकिलाचं शपथपत्र दिलं आहे. ते शुद्धीत असतील तर प्रश्नही शुद्धीत विचारला. नसतील तर या सहीला अर्थ नाही. वैद्यकीय कागद एकही नाही."

मी पाऊण तास बोलले. आयुष्यात याहून चांगलं बोलले नसेन. मागे वकील दाटीने उभे. न्यायाधीश ऐकून घेऊन म्हणाले, "ॲडव्होकेट, भाषण उत्तम झालं. मला विश्वंभररावांना स्वतः विचारायचं आहे. चार मार्चला त्यांना हजर ठेवा."

बाहेर रेहाना. "काय झालं ताई?" सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजी आता सगळं त्यायच्या आठवणीवर?"

म्हटलं, हाव.

२७ फेब्रुवारी

सत्कार पुढे ढकलला. 'अपरिहार्य कारणास्तव.' बाररूममध्ये मी गेले की माणसं वर्तमानपत्र उघडतात. दोन जुने ज्युनिअर भेटून गेले. एक म्हणाला, बापूंना तुम्ही मारलंत. दुसऱ्याने जाताना माझा नमस्कार घेतला नाही. ते मला जास्त लागलं.

अनघाला तीनदा फोन. उचलला नाही.

४ मार्च, मंगळवार. कोर्टाचा व्हरांडा

अनघा बापूंना घेऊन आली. लातूरहून काल रात्रीच आली होती म्हणे. माझ्याशी बोलली नाही. तिच्या पिशवीत फाइल आहे, डॉक्टरांची असावी. विचारायची हिंमत नाही.

बापूंनी कोट घातलाय, गळ्याचा पांढरा बँड स्वतः बांधला. मला पाहून हसले. कोणती विजया दिसली त्यांना, माहीत नाही.

दोन केसेस आमच्या आधी. रेहानाचा आज तिसरा रोजा, ओठ सुकलेत. बाकावर बापूंच्या शेजारीच बसली. बापूंनी तिला विचारलं, "तुमची काय केस आहे बाई?"

मी मध्ये पडणार होते. ती माझ्याआधी बोलली. "माझा माणूस हाय साहेब, मुस्तफा. वेल्डर हाय. धर्माबादला एक खून झाला. त्या दिशी तो माहूरला होता."

"माहूरला कशाला?"

"कठडा बसवायला. जिन्याचा."

"कोणी पाहिलं?"

तिने सगळं सांगितलं. बापू ऐकत होते, मान एका बाजूला कलती करून. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, "तुमची काय केस आहे बाई?" तिने पदर सारखा केला आणि पहिल्यापासून सांगायला लागली, मघाचेच शब्द, मघाइतक्याच सबुरीने. अनघा तोंड फिरवून खिडकीकडे गेली.

आमच्या आधीची केस उठली. शिपाई दारात येतोय.

बापू उभे राहिले. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "आपण कोणाकडून?"

"आरोपीकडून."

"मग चल," म्हणाले.