दुसऱ्या आवाजाची तजवीज

मी, खाली सही करणारा, व्यवसायाने खिडक्यांना काचा बसवणारा, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. शेजारच्या डॉक्टरांनी खात्री करून तसा दाखला दिला आहे. छाती मात्र फार दिवस साथ देणार नाही, असेही तेच म्हणाले. मजकूर वकिलांनी तपासला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. घरात माझ्याखेरीज माणूस एकच, माझी धाकटी बहीण, आणि ती माझ्याशी बोलत नाही.

कलम १. राहते घर आईने माझ्या एकट्याच्या नावे केले होते. वारलेल्या भावाच्या मुलाला, माझ्या पुतण्याला वाटते, माझ्यामागे ते त्याचे. तो दलालालाही घेऊन आला. दोघांनी माझ्या देखत भिंती मोजल्या, मी त्यांना चहा पाजला. म्हणून स्पष्ट लिहितो: घर, भांडीकुंडी आणि मागची खोली धरून, संपूर्ण मालकीने बहिणीला मिळावे. पुतण्याने तिला बाहेर काढायचा विचारही करू नये. त्याला माझे मनगटी घड्याळ द्यावे. चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला तो नेहमी उशिरा येतो.

कलम २. काच कापायचा हिरा, पट्ट्या आणि बाकीची हत्यारे पलीकडच्या गल्लीतील काचवाल्याला द्यावीत. त्याने माझी गिऱ्हाइके फोडली, पण त्याचा हात चांगला आहे. चर्चच्या कार्यकारी मंडळाला काही देऊ नये. वेदीमागची मोठी खिडकी मी फुकट बसवून दिली. अध्यक्ष खाली उभे राहून एवढेच म्हणाले, "जरा तिरकी वाटते." खिडकी सरळ आहे. अध्यक्ष तिरके उभे होते.

कलम ३. हे कलम गाळा, असे वकील म्हणाले. गाळत नाही.

आमच्या घरी सकाळ-संध्याकाळ उपासना होते. वडिलांनी घालून दिलेली रीत अशी की एकाने विनंती म्हणायची आणि दुसऱ्याने "प्रभो, ऐक" असे उत्तर द्यायचे. आईच्या शेवटच्या संध्याकाळी मी तिच्या उशाशी बसून स्तोत्र वाचत होतो. बहीण म्हणाली, "दादा, बस कर आता. झोपू दे तिला." मी पुस्तक मिटले. आई पुन्हा जागी झाली नाही. दफनाला जमलेल्या माणसांसमोर मी बहिणीला म्हणालो, "आईचं शेवटचं स्तोत्र तू तोडलंस." आईच्या आजारपणाची सगळी वर्षे ही बहीण तिच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपली होती. त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणे सोडले. उपासना सोडली नाही.

त्यामुळे घरातले सगळे बोलणे देवाच्या कानावरून जाऊ लागले. ती म्हणायची, "प्रभो, ज्याला मोरीचा नळ गळताना ऐकू येत नाही, त्याचे कान उघड." उत्तराची पाळी माझी. "प्रभो, ऐक." दुसऱ्या दिवशी मी नळ दुरुस्त करायचो. मी म्हणायचो, "भाजीत मीठ घालायला विसरणाऱ्यांना आठवण दे." ती शांतपणे उत्तर द्यायची आणि मग आठवडाभर भाजी खारट करायची. पाळक एकदा समेट घडवायला आले. बहीण त्यांना म्हणाली, "पाळकसाहेब, भांडण कुठंय? आम्ही तर रोज एकत्र प्रार्थना करतो. चहा घ्या."

आई गेल्यापासून मला उपासनेत काहीच वाटत नाही, हेही नमूद करतो. गुडघे टेकतो, ओठ हलतात, आत सगळे बधिर. देवावर राग नाही, प्रेमही सापडत नाही. तरी वेळ झाली की जाऊन बसतो, कारण समोर ती येऊन बसलेली असते.

कलम ४. दफन साधे करावे. भाषणे नकोत, अध्यक्षांचे तर मुळीच नको.

पुरवणी. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवत असताना बहीण स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. शेवटपर्यंत तिने ऐकून घेतले. मग सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, घराचं कळलं. पण मी विनंती म्हटल्यावर 'प्रभो, ऐक' कोण म्हणणार? ते लिहिलंस का?"

मी म्हणालो, "नाही गं."

डॉक्टर खाली बघू लागले. मला रडू यायला हवे होते, आले नाही. अशा गोष्टीची तरतूद कशी करतात, हे मी वकिलांना विचारले. त्यांनी चष्मा पुसला. बहीण दारातून हलली नाही. म्हणून तिच्या समोरच पुढचे कलम लिहायला घेतले.

कलम ५. माझ्यामागे या घरात संध्याकाळी उत्तर देणार:

मृत्युपत्रात कोरी जागा चालत नाही, असे वकील म्हणाले. मला नाव सापडले नाही.

सही: काच बसवणारा, स्वतः

साक्षीदार: १. शेजारचे डॉक्टर २. समोरच्या दुकानातील शिंपी

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: आज बुधवार, संध्याकाळच्या उपासनेआधी