बिनखिडकीचे पडदे

७८६
गाला, मस्कत
१८ ऑक्टोबर १९९८

प्रिय शहनाज हिस,

अस्सलामु अलैकुम. वि. वि. मी इथे खुशाल, तुम्हा सर्वांची खुशाली अल्लाकडे मागतो.

सुट्टीचं विचारलंस. माझ्या मालकाने, अर्बाबने, शब्द दिलाय की त्याच्या अल खौदच्या घराचं तळघर रंगवून-सजवून झालं की त्याच दिवशी पासपोर्ट माझ्या हातात. उमामाचा निकाह तेरा डिसेंबरला, आणि एक खोली मी आठ दिवसांत उरकतो. तेव्हा उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

पण घोडं रंगावर अडलंय. खोली अर्बाबच्या म्हाताऱ्या आईसाठी आणि रंग निवडते सून, आमची मदाम, मासिकातली चित्रं बघून. बदामी मारला तर म्हणाली, दवाखाना वाटतो. मग फिका गुलाबी. दिवे लावल्यावर तो तापकऱ्याच्या जिभेसारखा दिसला, हे मात्र मलाही पटलं. तळघरात उन्हाचा कवडसा नाही, त्यामुळे शेड कार्डावरचा रंग भिंतीवर गेला की तोंड फिरवतो. आता समुद्री हिरवा चाललाय. वर मरून मखमलीचे पडदे, चार जोड. खिडकी मात्र एकही नाही. मी विचारलं, पडदा सरकवला तर मागे काय? तर म्हणाली, सरकवायचाच नाही!

उमामाला दुवा. लोभ आहेच, तो वाढवत राहा.
तुझा,
हुसैनमियाँ


७८६
कर्ला, रत्नागिरी
२९ ऑक्टोबर १९९८

उमामाच्या अब्बांस,

अस्सलामु अलैकुम. वि. वि. पत्र पोचलं. पडद्यांचं वाचून सगळे हसले, मला हसू आलं नाही.

पत्रिका छापून आल्या. होणाऱ्या जावयाच्या, झैनच्या, घरचे दर जुम्म्याला निरोप पाठवतात की मुलीचा बाप नक्की येणार ना. आपल्यात बापाशिवाय निकाह होत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. यायचं जमत नसेल तर तुमच्या भावाला, सकलैनभाईंना, तुमच्या वतीने वकील नेमल्याचा कागद सही करून पाठवा, म्हणजे निदान मी तोंड दाखवू शकेन. तिच्या जन्माला तुम्ही नव्हतात, शाळेच्या निकालाला नव्हतात. तुम्ही लोकांच्या भिंती रंगवत राहिलात आणि इथे पोर बघता बघता लग्नाची झाली.

उमामा म्हणते, अब्बांना विचार, राहणार कोण आहे तिथे? त्या आजींना कुठला रंग हवा हे कुणी विचारलं का? मी तिला दटावलं. नवरीने जास्त बोलू नये.

तब्येतीला जपा. आम्हाला विसरू नका.
तुमचीच,
शहनाज


७८६
गाला
१० नोव्हेंबर १९९८

प्रिय शहनाज हिस,

अस्सलामु अलैकुम. वि. वि. आधी चांगली बातमी. हिरवाही बाद झाला, पण मोतिया रंग आणि सोनेरी पट्टी मदामला एकदाची पसंत पडली. वीस तारखेला गालिचा येतो, की काम खलास. म्हणून कागद पाठवत नाही. तो लिहायला बसलो की हात जड होतो.

आता दुसरं. तुझ्या लेकीचा प्रश्न डोक्यातून जाईना. काल अर्बाबच्या आईला, नसीबाबीबींना, खोली दाखवायला आणलं. बारा पायऱ्या, भिंत धरधरून उतरल्या. त्यांचं बालपण झांझिबारला गेलं, शेजारी कच्छी होते, त्यामुळे तोडकंमोडकं हिंदी येतं. मी विचारलं, बीबी, रंग आवडला का? त्यांनी पडदा सरकवला, मागच्या भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, जन्मभर दारात बसून येणारा-जाणारा बघितला. कबर खाली आहेच, मग आतापासून घाई कशाला?

त्या हल्ली विसरतात, पाहुण्यांसमोर मोठ्याने बोलतात, म्हणून खाली. अर्बाब वाईट नाही. खाली शांतता मिळेल असं त्याला मनापासून वाटतं. बीबींनी मुलाला काही सांगितलेलं नाही, त्याचं मन मोडेल म्हणून.

मी बोललो तर अर्बाब बिथरणार आणि पासपोर्ट अडकणार. गप्प राहिलो तर पंधरा दिवसांत घरी. तूच सांग, काय करू? मला भीती वाटते आहे.

तुझा,
हुसैनमियाँ


७८६
कर्ला
१९ नोव्हेंबर १९९८

उमामाच्या अब्बांस,

अस्सलामु अलैकुम. वि. वि. गप्प राहा! दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायला तुम्ही त्यांचे कोण लागता? रंगाऱ्याने रंग द्यावा आणि आपल्या लेकीच्या लग्नाला यावं. दारात मांडव पडायचा आहे आणि तुम्ही पडद्यामागची भिंत बघत बसलात. याहून जास्त लिहीत नाही, तोंडून भलतंसलतं जाईल.

शहनाज

ता. क. पाकीट चिकटवलं होतं, पुन्हा उघडलं. तुमची अम्मी शेवटची दोन वर्षं ओटीवरच झोपायची. पावसाची झड आली तरी खाट आत घेऊ द्यायची नाही. म्हणायची, आत नेलंत की मी गेलेच. मी किती भांडले तिच्याशी. हे लिहायचं नव्हतं. तुमच्या मनाला पटेल ते करा.


७८६
गाला
३० नोव्हेंबर १९९८

प्रिय शहनाज हिस,

अस्सलामु अलैकुम. वि. वि. मी बोललो.

अर्बाब आधी बिथरला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतः कहवा ओतून दिला आणि म्हणाला, आई पुढच्या खोलीत राहील. तिचं दार अंगणात उघडतं. बीबींनी रंग अर्ध्या मिनिटात सांगितला. भिंती चुन्यासारख्या पांढऱ्या, दार निळं.

पण त्या खोलीच्या भिंतींना ओलीने लोणा लागून पोपडे सुटलेत. खरवडणं, लांबी भरून भिंत सपाट करणं, वाळवणं, सगळं धरून वीस डिसेंबर उजाडेल. अर्बाबला निकाहची तारीख माहीत आहे, तरी म्हणतो, आई तुझंच ऐकते, अर्धवट सोडून जाऊ नकोस. माझा शब्द मलाच महागात पडला. सकलैनसाठी कागद सोबत आहे. सही करताना रडलो, ते तुझ्यापासून काय लपवू? रत्नागिरीला निघालेल्या माणसाच्या हाती देतो, म्हणजे वेळेत पोचेल.

उमामाला सांग, बापाला माफ कर.
हुसैनमियाँ


७८६
कर्ला
६ डिसेंबर १९९८

ती. अब्बांस,

उमामाचा आदरपूर्वक सलाम. वि. वि. तुमचं पत्र काल मिळालं. कागद परत पाठवते आहे, पाकिटात बघा.

सकलैनचाचांना घेऊन मी झैनच्या घरी गेले. नवरी स्वतः आलेली बघून त्याच्या वडिलांचा पारा चढला. म्हणाले, पत्रिका वाटून झाल्या, कुणाला विचारून तारीख बदलतेस? मी म्हटलं, ठरवताना मला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून आता मीच सांगायला आले. मग झैन हळूच म्हणाला की त्यालाही कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा त्याची अम्मी हसली आणि सगळे तयार झाले.

रमझान होऊन ईद जाऊ दे, मग चोवीस जानेवारीला निकाह. अम्मी कालपासून माझ्याशी अबोला धरून होती. आज सकाळी पेन घेऊन शेजारी बसली आणि उरलेल्या पत्रिकांवरची तारीख खोडू लागली. वाटलेल्यांच्या घरी चाचा जातील.

काझींनी विचारलं की हो तुम्हीच म्हणायचं. तुमची सही फार छान आहे, पण तिला तुमचा आवाज नाही.

बीबींच्या दाराला निळ्या रंगाचे दोन हात द्या. पहिला पुरता वाळू द्या, अब्बा. घाई करू नका.

या एका गोष्टीत तुमची आज्ञा मोडली, तरी माया आटू देऊ नका.
तुमचीच लेक,
उमामा