भिंत कोरडी आहे

४ सप्टेंबर

आजपासून लिहायचं. वही शिट्टीने दिली, पेनही तिचंच, शाईचं. शिट्टी म्हणजे माझी नात, वय नऊ. खरं नाव शाळेच्या दप्तरात आहे. झोपली की छातीत शिट्टी वाजते म्हणून मी शिट्टी म्हणते. सूनबाईला ते आवडत नाही. तिला माझं काय काय आवडतं ते लिहायला बसलं तर पोस्टकार्डही भरायचं नाही. शिट्टी म्हणाली, आजी, मनातलं लिही, कुणी वाचणार नाही. मी चौथी पास. म्हणजे बाईंनी पुढे ढकललं. चुका होणार. कुणी वाचणारच नाही तर त्या कुणाच्या बापाला दिसणार?

निश्चय : रोज लिहिणे. घर घेणे. कुणाचं ऐकून न घेणे.

८ सप्टेंबर

मध्ये तीन दिवस लिहिलं नाही. कामं होती.

घराचं असं आहे. मी तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहते. मुलगा, सूनबाई आणि शिट्टी भाड्याच्या घरात, बसने पाऊण तासावर. रविवारी येतात, चार वाजले की घड्याळाकडे बघायला लागतात. मुलगा स्वतः बस चालवतो, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी बसमध्ये बसायचं म्हणजे त्याच्या कपाळाला आठ्या. त्यांच्या घरमालकाला डिसेंबरअखेर घर रिकामं हवंय. माझ्या दोन खोल्या विकायच्या, एक आख्खं घर घ्यायचं, चौघांनी राहायचं. मला एकटीला करमत नाही वगैरे काही नाही. मला माणसांचाच कंटाळा येतो. हे सगळं त्यांच्या सोयीसाठी चाललंय.

११ सप्टेंबर, दुपार

घर पाहिलं. पसंत.

दलाल घेऊन गेला. बूट इतके चकचकीत की त्यात त्याचं तोंड दिसत होतं, तेवढीच खोट. घर गल्लीच्या टोकाला, दुमजली. माझ्याहून दोन वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा जास्त कुरकुरतं. जिन्याची चौथी पायरी बाकीच्यांपेक्षा बुटकी आहे, पाय फसतो. स्वयंपाकघराचं दार फुगलंय, खांदा मारला की उघडतं. दारं फुगतात. माणसंही फुगतात, म्हणून कुणी घराबाहेर काढत नाही.

मालक म्हातारा एकटाच राहतो. एका वाक्याला दोनदा खोकतो. दलाल म्हणाला, सिगरेटचा खोकला आहे, मावशी. म्हातारा म्हणाला, मी आयुष्यात ओढली नाही. दलालाने मला खिडकीतलं झाड दाखवलं.

झाड आहे वरच्या उत्तरेच्या खोलीत. म्हणजे खिडकीत. ती खोली शिट्टीची. एका भिंतीला नवा पिवळा रंग, तिला टेकून भलंमोठं लाकडी कपाट. भिंतीला हात लावला. कोरडी.

१२ सप्टेंबर

हात लावला म्हणजे काय ते लिहून ठेवते. मी एकतीस वर्षं इस्पितळाच्या लाँड्रीत होते. शेवटची बारा वर्षं घडीच्या टेबलाची मुकादम. चादर ओलसर असताना घडी केली की दोन दिवसांत बुरशी धरते आणि ती चादर जाते ताजे टाके पडलेल्या माणसाखाली. म्हणून प्रत्येक चादर आधी तपासायची. नव्या बायकांना मी पहिल्याच दिवशी सांगायचे, हात लावू नका, गाल लावा. वाफेच्या इस्त्रीने तळवे मरतात, दहा वर्षांत मरतात. गाल मरत नाही. सगळ्या गाल लावायच्या. मी लावत नसे. मुकादमच चादरीला गाल घासत बसली तर धाक कुणाला राहणार? आणि माझा हात वेगळा आहे.

शेवटच्या वर्षी दोन गठ्ठे ओले गेले, बोभाटा झाला, ते रात्रपाळीचं काम होतं. मला एक वर्ष आधी घरी बसवलं ते विश्रांती मिळावी म्हणून. भिंतीवरचं घड्याळ दिलं. मागे पडतं.

१९ सप्टेंबर

सगळ्यांना घर दाखवलं. सूनबाई नाक वर करून फिरत होती. नेहमीच असते, पण आज वास घेत होती. म्हणाली, आई, इथे ओलीचा वास येतोय हो. मी म्हटलं, बंद घराचा वास आहे. म्हणाली, बंद कुठे, मालक राहतात की. मी म्हटलं, मग बंद मालकाचा असेल. म्हातारा खोकला.

सूनबाई औषधाच्या दुकानात काम करते, त्यामुळे तिला प्रत्येक माणसात एक रोग दिसतो. पण शिट्टीचं खरं आहे. गेल्या वर्षी दोनदा इस्पितळात ठेवावी लागली. डॉक्टरने बजावलंय, ओल आणि बुरशी असलेल्या खोलीत हिला झोपवायचं नाही.

निघताना मुलाने मला फाटकापाशी बाजूला घेतलं. म्हणाला, आई, पायरी, दार, ते मी बघून घेतो. एकच सांग, भिंत कोरडी आहे ना? तू हात लावलास ना? म्हटलं, लावला. म्हणाला, मग झालं. बायकोला म्हणाला, लहानपणी आमच्याकडे थर्मामीटर नव्हता, आईचा हात होता, कधी चुकला नाही. सूनबाईने तोंड फिरवलं. मी वर्षभर जेवले नसते तरी चाललं असतं.

शिट्टी मोठ्याने म्हणाली, आजी, पण तू गाल का नाही लावलास? या पोरीला लाँड्रीच्या गोष्टी सांगून चूक केली. म्हटलं, भिंतीला गाल वेडी माणसं लावतात.

२६ सप्टेंबर

सूनबाईचं नवीन खूळ. ओल मोजायचं मशीन असतं म्हणे. तिच्या दुकानात येणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा तोच धंदा आहे. म्हटलं, आणा. एकतीस वर्षांचा हात एकीकडे आणि सेलवर चालणारं खेळणं दुसरीकडे. कोण हरतं बघू.

३ ऑक्टोबर

मशीनवाला आला. मुलगा ड्यूटीवर, सूनबाई दुकानात, त्यामुळे मी एकटीच. मशीन रिमोटएवढं, पुढे दोन सुया. खालच्या खोल्यांत गप्प होतं. वर उत्तरेच्या भिंतीला टोचलं आणि जे बोंबलायला लागलं ते थांबेना. म्हणाला, कपाट सरकवा. म्हातारा म्हणाला, हलत नाही, पाय जमिनीला चिकटलेत. मशीनवाल्याने फटीतून टॉर्च मारला आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, आजी, तुम्हीही एकदा बघून घ्या. मी म्हटलं, माझे गुडघे वाकत नाहीत.

गुडघे आज बरे होते.

त्याने चिठ्ठी लिहून दिली. वर काही आकडे, खाली एक ओळ, की लहान मुलांना या खोलीत झोपवू नये. अक्षर फार गिचमिड. मी चौथी पास, मला नीट लागलं नाही. चिठ्ठी वहीत ठेवली.

संध्याकाळी सूनबाईचा फोन. काय म्हणाला? म्हटलं, विशेष काही नाही. हे खोटं नाही. माणूसही काही विशेष नव्हता.

१५ ऑक्टोबर

माझ्या ओळखीचा गवंडी नेला. खात्रीचा माणूस. त्याने घराला बाहेरून एक चक्कर मारली आणि म्हणाला, बाई, शेजारच्या छपराचं सगळं पाणी या भिंतीवर येतंय, रंग मारून काय होणार? पन्हळ बसवा, आतलं प्लास्टर उतरवा, सहा महिने सुकू द्या, मग राहायला या. मी म्हटलं, सहा महिने कुणाकडे आहेत? म्हणाला, मग मला विचारता कशाला?

उद्धट. याला खात्रीचा कुणी म्हटलं? दुसरा गवंडी शोधणार.

२२ ऑक्टोबर

शोधला नाही. कंबर धरली होती.

शांत डोक्याने विचार करायचं ठरवलं. पानाच्या मधोमध रेघ मारली. एका बाजूला घ्यावं, दुसरीकडे घेऊ नये. घेऊ नये खाली पायरी, दार, वास, मशीन, गवंडी. घ्यावं खाली झाड. मग रेघ वाकडी आली म्हणून पान फाडलं.

२५ ऑक्टोबर, रविवार

आज मुलगा एकटाच आला. म्हणाला, आई, तुझी ओढाताण नको. आम्ही एक भाड्याचं घर बघितलंय, चौथ्या मजल्यावर, भरपूर ऊन, खडखडीत कोरडं. तू आहेस तिथे आरामात राहा, आम्ही येत जाऊच. मी विचारलं, माणसं किती मावतील? म्हणाला, तिघं. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तिघंच म्हणाला.

चार वाजता गेला. पाचला मी दलालाला फोन केला.

१२ नोव्हेंबर

सह्या झाल्या. मुलाने पुन्हा विचारलं, आई, नक्की ना? म्हटलं, नक्की. सही करताना पेन दोनदा हातातून निसटलं आणि मला टेबलावर आपटल्यावर कळलं. हल्ली पेनं फार गुळगुळीत करतात.

२० डिसेंबर

राहायला आलो. चौघं. जिन्यात चौथ्या पायरीवर सगळे एकेकदा धडपडले. मजा आली. मुलगाही हसला. शिट्टीने झाडाला नाव ठेवलं, मला सांगत नाही.

म्हातारा एक बॅग घेऊन गेला. जाताना दारात थांबला, म्हणाला, वरच्या त्या खोलीत माझी बायको झोपायची. पुढचं खोकल्यात गेलं. कपाट इथेच सोडून गेलाय. फुकटात मिळालं.

२७ डिसेंबर

शिट्टी जोरात वाजतेय. जिन्याच्या खालून ऐकू येते. श्वासाचा पंप आधी दिवसातून दोनदा होता, आता पाचदा. मी म्हटलं, नवी जागा, होतं असं. सूनबाई म्हणाली, आई, तिच्या उशीला वास येतोय. मी उशी दाबून बघितली. कोरडी.

३० डिसेंबर

आज सूनबाईने माझी परीक्षा घेतली. या वयात. दोन अभ्रे घेऊन आली, म्हणाली, आई, डोळे मिटा आणि सांगा, ओला कुठला. मुलगा दारात उभा. दोन्हींवरून हात फिरवला. म्हटलं, दोन्ही कोरडे आहेत, कसली पोरकट थट्टा ही!

डोळे उघडले. डाव्या हातातला आत्ताच वॉशिंग मशीनमधून काढलेला होता. माझ्या मांडीवर ओलं उमटलं होतं. कुणी हसलं नाही. मुलाने माझा हात उलटा केला, तळवा बघितला, त्यावर अंगठा नेला. विचारलं, आई, हे कळतंय? म्हटलं, कळतंय की. तो म्हणाला, मी अजून दाबलं नाही.

मग तो वर गेला. पहारीने कपाट उचकटल्याचा आवाज आला. मी वर गेले नाही. गुडघे.

सूनबाईने सांगितलं, मागे सगळं काळं आहे, गादीएवढं, आणि त्याला लव आलीय.

२ जानेवारी

शिट्टी इस्पितळात. पहाटे ओठ निळे पडले. मुलाने तिला उचलून नेलं, चौथ्या पायरीवर पाय चुकला पण पडला नाही.

५ जानेवारी

भेटून आले. नाकाला नळी. मला म्हणाली, आजी, वही लिहितेस ना? म्हटलं, रोज. बोलताना मध्ये थांबावं लागतं तिला. शिट्टी आता वाजत नाही, नुसती हवा ओढते. चादर बघितली. घडी वाईट होती. आमच्या वेळी अशी जात नव्हती.

मशीनवाला सूनबाईच्या दुकानात आला होता. तिला विचारलं, चिठ्ठी मिळाली ना? ती घरी आली, माझ्यासमोर बसली. चार शिव्या दिल्या असत्या तर मी आठ दिल्या असत्या आणि मिटलं असतं. शेवटी म्हणाली, तुम्हाला वाचता येतं, आई. मग सामान बांधायला गेली.

१० जानेवारी

गेले. चौथ्या मजल्यावरचं ते घर अजून रिकामंच होतं. शिट्टी इस्पितळातून थेट तिकडेच. डॉक्टरने सांगितलंय, या घरात तिला पुन्हा पाऊल टाकू द्यायचं नाही. मुलाने जाताना पायरी दुरुस्त केली. म्हटलं, कशाला, सवय झालीय. म्हणाला, तू एकटी असणार, पडलीस तर कुणाला कळायचं नाही. थर्मामीटरही ठेवून गेलाय.

शांत आहे. बरं वाटतंय.

१८ जानेवारी, सकाळ

आठ दिवस लिहिलं नाही. कामं होती.

आज वर गेले. कपाट खोलीच्या मध्ये आडवं पडलंय. भिंतीला हात लावला. कोरडी. खाली आले. पुन्हा वर गेले. घरात कुणी नाही, तरी दाराला कडी लावली आणि गाल लावला.

जरा वेळ तसाच ठेवला. मग बाहीने पुसला.

वही उघडली तर पानं एकमेकांना चिकटलेली. चिठ्ठी निघतच नाही, निम्मी पानावर राहिली. आणि लिहिताना शाई फुटतेय, अक्षराला अक्षर लागतंय. पेनच खराब निघालं. शिट्टी इथे आली की दुसरं मागून घेईन.